सरकारला ‘कारणे दाखवा’: फ्रँक कॅमेनी यांच्या बडतर्फीचं प्रकरण

१९५७ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारात नोकरी हवी असेल तर ‘फॉर्म ५७’ भरावा लागे. आपल्याकडच्या सरकारी अर्जात असतो तसा त्यातही एक रकाना होता: याआधी कधी अटक झाली आहे का? डॉ. फ्रँक कॅमेनी या बत्तीस वर्षांच्या खगोलशास्त्रज्ञानं तिथे मोजक्या शब्दांत भरलं की ऑगस्ट १९५६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत बेशिस्त वर्तनाबद्दल अटक झाली होती आणि आरोप नंतर रद्द झाला. जुलैमध्ये ते सैन्याच्या नकाशा विभागात रुजू झाले. डिसेंबरात बडतर्फ झाले.

वरवर पाहिलं तर अर्जात चुकीची माहिती दिल्याचं हे साधं प्रकरण. अशी प्रकरणं कुठल्याही सरकारी कचेरीत होतात आणि फायलीत बंद होऊन पडतात. हे पडून राहिलं नाही. खरा आक्षेप अर्जावर नव्हताच. कॅमेनी गे आहेत, एवढाच तो होता. शिवाय ज्यांना काढलं ते मान खाली घालून घरी जाणारे नव्हते. पुढची अठरा वर्षं त्यांनी सरकारला एकच गोष्ट विचारली: कारण काय? ‘कारणे दाखवा’ नोटीस सरकारनं नोकराला काढायची, असा रिवाज असतो. इथे काढून टाकलेल्या नोकरानं ती सरकारला बजावली. प्रकरण टप्प्याटप्प्यानं वाचत गेलं की दिसतं, सरकारचं उत्तर दर वेळी वेगळं होतं. शिक्षा मात्र पहिल्या दिवसापासून तीच.

कॅमेनी १९२५ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या एका ज्यू कुटुंबात जन्मले. ताऱ्यांचं वेड लहानपणापासूनचं. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात भरती होताना त्यांना विचारलं गेलं, समलिंगी ओढ आहे का? ते नाही म्हणाले, आणि नेदरलँड्स-जर्मनीच्या आघाडीवर उखळी तोफांच्या तुकडीत लढले. देशासाठी लढायला मिळावं म्हणून देशाशी खोटं बोलावं लागलं, हा सल त्यांनी म्हातारपणीही बोलून दाखवला. युद्धानंतर हार्वर्ड, मध्ये काही काळ उत्तर आयर्लंडच्या आर्मा वेधशाळेत निरीक्षणं, १९५६ मध्ये डॉक्टरेट, मग वर्षभर जॉर्जटाऊन विद्यापीठात अध्यापन. नकाशा विभागाला असाच माणूस हवा होता. आकाशातल्या निरीक्षणांवरून पृथ्वीवरच्या दूरदूरच्या ठिकाणांमधली अंतरं अचूक काढायची, हे तिथलं काम. क्षेपणास्त्रांच्या काळात त्या अंतरांना किती किंमत आली असेल, हे सांगायला नको. कॅमेनी रुजू झाले आणि तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९५७ ला, सोव्हिएत संघानं स्पुटनिक सोडला. अमेरिकेला खगोलशास्त्रज्ञांची जितकी गरज त्या हिवाळ्यात होती तितकी त्याआधी कधीच नव्हती. आणि त्याच हिवाळ्यात सरकारनं हातातला एक खगोलशास्त्रज्ञ घालवला.

आता ती अटक. कॅमेनी ऑगस्ट १९५६ मध्ये खगोलशास्त्र संघटनेच्या परिषदेसाठी सॅन फ्रान्सिस्कोला गेले होते. तिथल्या एका टर्मिनसच्या स्वच्छतागृहात एका अनोळखी पुरुषानं त्यांना हात लावला. जाळीमागे लपून पाहत असलेल्या पोलिसांनी दोघांना पकडलं. हेच पोलिसांचं काम होतं: स्वच्छतागृहाच्या जाळीमागे तासन् तास दबा धरून बसायचं. आरोप अश्लील वर्तनाचा. अनोळखी शहर, वकील नाही, परिषद चालू. कॅमेनींनी गुन्हा कबूल करून पन्नास डॉलर दंड भरला आणि सहा महिन्यांची परिवीक्षा, म्हणजे चांगल्या वर्तनाच्या अटीवरची देखरेख, स्वीकारली. ती नीट पार पडल्यावर कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे कबुली मागे घेता आली आणि आरोप रद्द झाला. कायद्याच्या लेखी विषय मिटला, असं त्यांना वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

पण ज्या यंत्रणेत ते शिरत होते तिच्या लेखी असे विषय मिटत नसत. ती यंत्रणा उभी कशी राहिली, हे थोडं मागे जाऊन पाहावं लागेल. सिनेटर जोसेफ मॅकार्थींनी फेब्रुवारी १९५० मध्ये परराष्ट्र खात्यात कम्युनिस्ट घुसलेत असा गदारोळ सुरू केला, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्याच महिन्याच्या शेवटी त्या खात्याचे उपअवरसचिव जॉन प्युरिफॉय सिनेटच्या समितीसमोर सांगून गेले की खात्यानं ९१ समलिंगी लोकांना बाहेर काढलं आहे. कम्युनिस्टांच्या प्रश्नावर खातं किती दक्ष आहे हे दाखवायला दिलेला हा आकडा. झालं भलतंच. लोकांनी विचारलं, ९१ गेले तर आत अजून किती असतील? सिनेटर क्लाइड होई यांच्या समितीनं चौकशी करून डिसेंबर १९५० मध्ये अहवाल दिला की असे लोक सरकारी नोकरीला अयोग्य आणि देशाच्या सुरक्षेला धोका आहेत: त्यांचं गुपित शत्रूच्या हेराला कळलं तर तो त्यांना धमकावून माहिती काढून घेईल.

या अहवालात उदाहरण एकच सापडतं, तेही ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातलं: १९१३ साली उघडकीला आलेला कर्नल रेड्ल या समलिंगी सेनाधिकाऱ्याचा फितुरीचा प्रकार. धमकीला बळी पडून गुपितं विकणारा एकही अमेरिकन समलिंगी कर्मचारी समितीला दाखवता आला नाही. आणि तर्काची गंमत नव्हे, क्रूरता पाहा: गुपित उघडं पडलं तर नोकरी जाईल, म्हणून माणूस धमकीला घाबरेल, म्हणून त्याला नोकरीवरून काढायचं. धमकीत जोर होता तो याच नियमामुळे. नियम काढला असता तर हेराच्या हातात काय उरलं असतं?

१९५३ च्या २७ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी कार्यकारी आदेश १०४५० वर सही केली. केंद्र सरकारच्या प्रत्येक नोकरीला आता सुरक्षेची पडताळणी लागू झाली, आणि अपात्रतेच्या यादीत दारूचं व्यसन, अमली पदार्थ यांच्याबरोबर ‘लैंगिक विकृती’ हे शब्द आले. नागरी सेवा आयोग, पोलिसांची नीतिमत्ता पथकं आणि एफबीआय यांच्यात माहितीची देवाणघेवाण रोजची झाली. एखाद्या बागेत, बारमध्ये किंवा स्थानकावर झालेली अटक, मग ती किरकोळ दंडावर संपलेली का असेना, फिरत फिरत त्या माणसाच्या साहेबाच्या टेबलावर येई. ‘चारित्र्य पडताळणी’ हा शब्द आपल्याकडे सरकारी नोकरी लागलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. आपल्या मनात त्याचं चित्र म्हणजे पोलीस ठाण्यातला एक शिक्का. तिथे ही पडताळणी म्हणजे माणसांची शिकार झाली होती. या काळाला पुढे ‘लव्हेंडर स्केअर’ असं नाव पडलं. इतिहासकारांच्या अंदाजानं यात नोकरी गेलेल्यांची संख्या पाच ते दहा हजार आहे. नेमकी मोजता येत नाही, कारण बहुतेकांनी राजीनामे दिले. चौकशी अधिकारी सांगत, आज मुकाट राजीनामा द्या, नाहीतर घरच्यांना कळेल. यातल्या काहींनी जीव दिला.

स्त्रियांविषयी इथे थोडं थांबायला हवं. या इतिहासात त्या अनेकदा तळटीपेत जातात. लेस्बियन स्त्रिया बागांत आणि स्थानकांवर क्वचितच पकडल्या जात, त्यामुळे त्यांच्या विरुद्ध पोलिसांचा कागद नसे. त्यांच्या फायली ऐकीव माहितीवर भरत. खोलीत एकत्र कोण राहतं, केस कसे कापते, कुठल्या बारमध्ये दिसली, ऑफिसातल्या कुणाला काय वाटतं. १९५८ मध्ये वाणिज्य खात्यातल्या एका तरुण अर्थतज्ज्ञ बाईंना असंच खोलीत बोलावून शपथेवर बसवलं आणि त्यांच्या मैत्रिणींची नावं विचारली. कामाविषयी एकही तक्रार नव्हती. त्यांनी लगेच राजीनामा दिला. नावं विचारणं हा प्रत्येक चौकशीचा ठरलेला भाग असे: एक सापडला की त्याच्याकडून पुढचे पाच. त्यामुळे जे सापडले नव्हते तेही एकमेकांना टाळू लागले. वर्षानुवर्षांची मैत्री असलेली माणसं कॅन्टीनमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर बसू लागली.

कॅमेनींना बोलावणं आलं तेव्हा ते कामानिमित्त हवाई बेटांवर होते. तातडीनं वॉशिंग्टनला या. तिथे आयोगाच्या दोन चौकशी अधिकाऱ्यांनी त्यांना सांगितलं की तुम्ही समलिंगी आहात अशी माहिती आयोगाकडे आली आहे. यावर तुम्हाला काही म्हणायचं आहे का? माहिती कुठून आली, ते विचारल्यावर सांगता येणार नाही, असं उत्तर मिळालं. कॅमेनींनी सांगितलं की हा माझा खासगी मामला आहे आणि सरकारचा त्याच्याशी संबंध नाही. त्या खोलीत असं उत्तर फारसं कुणी देत नसे. लोक नाकारत, रडत, विनवत. कॅमेनींनी प्रश्नाचा अधिकारच नाकारला. पुढची सगळी लढाई बीजरूपानं या एका उत्तरात आहे.

डिसेंबर १९५७ मध्ये नकाशा विभागानं बडतर्फीचा आदेश काढला. कारण: फॉर्म ५७ मध्ये अटकेची खरी माहिती दिली नाही, ‘अश्लील’च्या जागी ‘बेशिस्त’ लिहिलं. हे पहिलं कारण. जानेवारी १९५८ मध्ये नागरी सेवा आयोगानं त्यांना केंद्र सरकारच्या कुठल्याही नोकरीसाठी तीन वर्षं अपात्र ठरवलं, आणि इथे कारण आलं ‘अनैतिक वर्तन’. हे दुसरं. महिन्याभराच्या आत अर्जातला एक चुकार शब्द माणसाच्या अख्ख्या नीतिमत्तेवरचा शेरा झाला होता.

बडतर्फीच्याच वर्षी, १९५७ मध्ये, अमेरिकी नौदलानं नेमलेल्या एका मंडळानं गुप्त अहवाल दिला होता. समलिंगी व्यक्ती इतरांपेक्षा सुरक्षेला अधिक धोकादायक असतात या समजाला ठोस आधार सापडत नाही, असं त्यात म्हटलं होतं. क्रिटेंडन अहवाल या नावानं तो ओळखला जातो. नौदलानं तो दाबून ठेवला आणि जवळजवळ वीस वर्षांनी, न्यायालयीन लढायांत, तो बाहेर आला. म्हणजे कॅमेनी आपलं म्हणणं मांडत दारोदार फिरत होते तेव्हा त्यांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा सरकारच्याच कपाटात कुलूपबंद होता. या प्रकरणातला हा तपशील मला सगळ्यात अस्वस्थ करतो. गैरसमज असणं वेगळं. तो गैरसमज आहे हे आपल्याच माणसांनी लिहून दिल्यावर तो कागद लपवणं वेगळं.

खगोलशास्त्रात तेव्हा बहुतेक कामं सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणारी होती, आणि त्यांना सुरक्षा परवाना लागे. तो आता मिळणं अशक्य. हार्वर्डचा डॉक्टर असलेला माणूस १९५९ मध्ये कित्येक महिने दिवसाला वीस सेंटच्या अन्नावर जगत होता: सॉसेज आणि कुस्करलेले बटाटे, कधीतरी वर थोडं मार्गरीन. ते वेधशाळेत पुन्हा कधीही रुजू झाले नाहीत. यावर लिहिणारे बरेचजण इथून घाईनं पुढच्या विजयांकडे जातात. मला वाटतं, या ओळीवर थांबावं. माणसाला लहानपणापासून जे करायचं होतं ते बत्तीसाव्या वर्षी कायमचं थांबलं. पुढे त्यानं जे मिळवलं ते हजारोंच्या कामी आलं, पण हा हिशोब त्यातून मिटत नाही.

न्यायालयात ते माजी काँग्रेस सदस्य बायरन स्कॉट यांना वकील म्हणून घेऊन गेले. जिल्हा न्यायालयात हरले, १९६० मध्ये अपील न्यायालयात हरले. आता पुढे आशा नाही असं वकिलांना वाटलं आणि त्यांनी थांबायचं ठरवलं. जाताना त्यांनी कॅमेनींच्या हाती सर्वोच्च न्यायालयाच्या नियमांची पुस्तिका ठेवली. कॅमेनींनी ती वाचली आणि जानेवारी १९६१ मध्ये स्वतः लिहिलेली याचिका स्वतः दाखल केली.

कायद्याचं शिक्षण नसलेल्या माणसाचा हा मसुदा आज वाचताना त्यातली हिंमत जाणवते. तोवर अशा खटल्यांत वकील काय मांडत? आमचा अशील समलिंगी नाही. किंवा पुरावा अपुरा आहे. किंवा चौकशीची पद्धत चुकली. कॅमेनींनी हे सगळं बाजूला ठेवलं. त्यांनी लिहिलं की समलिंगी नागरिक हा वंश किंवा धर्मावरून ओळखल्या जाणाऱ्या समूहांसारखाच एक अल्पसंख्य समूह आहे, त्यांची संख्या दीड कोटी असावी आणि सरकार त्यांना दुय्यम नागरिक म्हणून वागवत आहे. ‘अनैतिक’ या शब्दाला त्यांनी थेट हात घातला. नैतिकता ठरवणं हे सरकारचं कामच नाही, हे एक. आणि ठरवायचीच असेल तर समलिंगी संबंध अनैतिक तर नाहीतच, ते स्वेच्छेनं ठेवणाऱ्यांसाठी नैतिक, चांगले आणि इष्ट आहेत. १९६१ साली, जेव्हा अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात असे संबंध गुन्हा होते, तेव्हा देशाच्या सर्वोच्च न्यायालयात कुणीतरी हे टंकलेखन करून ठेवलं होतं. मार्चमध्ये न्यायालयानं याचिका ऐकायला नकार दिला. कारण दिलं नाही. अशा नकाराला कारण द्यावं लागत नाही.

इथे प्रकरण कायद्यानं संपलं आणि माणसानं चालू ठेवलं. नोव्हेंबर १९६१ मध्ये कॅमेनींनी जॅक निकोल्स या तरुण सहकाऱ्याबरोबर ‘मॅटाशीन सोसायटी ऑफ वॉशिंग्टन’ ही समलिंगी लोकांच्या हक्कांसाठीची संस्था सुरू केली. संस्थेचं सगळ्यात उपयोगी काम बहुधा एक साधं पत्रक होतं: सरकारी चौकशीला बोलावलं तर काय करायचं. काही बोलू नका, कशावरही सही करू नका, कुणाचं नाव घेऊ नका, वकील मागा. चौकशीची खोली माणसाच्या एकटेपणावर चालायची, आणि हे पत्रक खिशात असलेला माणूस तितका एकटा नसे. संस्थेचं वार्तापत्र निघे तेव्हा त्याची प्रत एफबीआयचे संचालक जे. एडगर हूव्हर यांनाही टपालानं जाई. एफबीआयनं ते नाव यादीतून काढायला सांगितलं. संस्थेनं काढलं नाही.

१९६५ च्या १७ एप्रिलला व्हाइट हाऊससमोर दहा माणसं फलक घेऊन गोल फिरली. सात पुरुष, तीन स्त्रिया. त्यांत लिली व्हिन्सेन्झ होत्या, ज्यांना लेस्बियन म्हणून सैन्याच्या महिला विभागातून काढलं होतं. कॅमेनींचा नियम कडक होता: पुरुषांनी कोट-टाय, स्त्रियांनी झगा किंवा स्कर्ट. सरकारी नोकरी मागायला आलो आहोत, तर सरकारी नोकरीला शोभेल असं दिसलं पाहिजे. पुढच्या पिढीतल्या कार्यकर्त्यांना हे फार लाचार वाटलं. माझं मत वेगळं आहे. ज्यांना ‘विकृत’ हा शब्द अधिकृतपणे चिकटवला होता, त्यांनी ऑफिसला जाताना घालायच्याच कपड्यांत, आपल्या खऱ्या चेहऱ्यानं, भर दुपारी राष्ट्राध्यक्षांच्या दारात उभं राहणं यात लाचारी मला दिसत नाही. ज्यांची नोकरी अजून शाबूत होती ते त्या रस्त्यावर यायलाही घाबरत होते.

जूनमध्ये नागरी सेवा आयोगाच्या दारात निदर्शनं झाली. आयोगाचे अध्यक्ष जॉन मेसी आतापर्यंत भेट टाळत होते. आता आयोगाचे अधिकारी संस्थेला भेटले, आणि फेब्रुवारी १९६६ मध्ये मेसींनी सविस्तर पत्र लिहून धोरणाची कारणं दिली. शेवटी एकदाची कारणं, तीही लेखी. हे पत्र या सगळ्या फायलीतला सगळ्यात बोलका कागद आहे. त्यात हेरांच्या धमक्यांवर भर नाही. सहकाऱ्यांना किळस वाटेल, म्हणून कामाची कार्यक्षमता घटेल. सहकाऱ्यांना लगट होण्याची भीती वाटेल. एकच स्वच्छतागृह आणि स्नानगृह वापरल्यानं त्या व्यक्तीच्या भावना चाळवतील. सरकारी कामासाठी आलेल्या जनतेला अशा माणसाशी व्यवहार करणं अपमानास्पद वाटेल. अर्जातली चूक, अनैतिकता, देशाची सुरक्षा हे सगळं ओलांडून सरकार आता इतरांच्या किळशीपाशी येऊन पोचलं होतं. एखाद्याच्या शेजारी बसायची दुसऱ्याला किळस वाटते, म्हणून पहिल्याला उठवायचं. मराठी वाचकाला हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. आपल्याकडे शाळेच्या बाकांवरून आणि पाणवठ्यांवरून माणसांना याच कारणानं उठवलं गेलं आहे.

त्याच पत्रात मेसींनी व्याकरणही शिकवलं. ‘होमोसेक्शुअल’ हा शब्द व्यक्तीसाठी वापरणं आम्हाला मान्य नाही, तो कृतीचं वर्णन करणारा शब्द आहे, असं त्यांनी लिहिलं. म्हणजे नाम नाही, विशेषण. अशी माणसं नसतातच, तशी कृत्यं असतात. मग माणसांवर अन्याय होण्याचा प्रश्नच कुठे येतो? कॅमेनींचा सगळा झगडा या एका व्याकरणाशी होता. १९६१ च्या याचिकेत त्यांनी दीड कोटी लोकांना नाम दिलं होतं, समूह म्हणून. आयोग त्यांना पुन्हा विशेषणात ढकलत होता.

कोंडी फोडली ती दुसऱ्या एका बडतर्फीनं. क्लिफर्ड नॉर्टन नासात अर्थसंकल्प विश्लेषक होते, पंधरा वर्षांची सेवा. ऑक्टोबर १९६३ मध्ये एका मध्यरात्री व्हाइट हाऊसजवळच्या लाफायेत चौकात त्यांनी एका माणसाला गाडीत घेतलं. नीतिमत्ता पथकानं पाठलाग करून दोघांना धरलं, आणि पोलीस चौकशी करत असताना नासाचे सुरक्षाप्रमुख लपून ती ऐकत होते. वरिष्ठानं काम चांगलं असल्याचं सांगूनही नॉर्टन गेले. ज्यांचे अर्ज-आक्षेप लढवायचे त्या कर्मचाऱ्यांना कॅमेनी आणि त्यांची संस्था या वर्षांत सल्ला आणि बळ देत होती. नॉर्टन त्यांपैकी एक. १ जुलै १९६९ ला अपील न्यायालयात न्या. डेव्हिड बॅझेलॉन यांनी निकाल दिला. न्यूयॉर्कमधल्या स्टोनवॉल या गे बारबाहेरचा पोलिसांविरुद्धचा उठाव होऊन तेव्हा तीनच दिवस झाले होते. दोन्हींचा एकमेकांशी थेट संबंध नाही, पण तारखा शेजारी ठेवाव्याशा वाटतात. बॅझेलॉन म्हणाले, कर्मचाऱ्यांच्या खासगी आयुष्यात बहुसंख्याकांच्या रूढी राबवणं हे सरकारी यंत्रणेचं काम असू शकतं ही कल्पनाच स्वातंत्र्य, खासगीपण आणि विविधता यांच्या मूलभूत तत्त्वांशी वैर धरणारी आहे. एखाद्याला काढायचं तर त्याच्या वागण्याचा कामावर ठरवून सांगता येईल असा काय वाईट परिणाम होतो, ते सरकारनं दाखवलं पाहिजे. खात्याला लाज वाटते, हे पुरेसं नाही.

कारणे दाखवा. कॅमेनी चौकशीच्या खोलीत जे म्हणाले होते ते बारा वर्षांनी न्यायालयाच्या निकालात आलं.

हे वाचताना मला डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस आठवत राहतात. नागपूरहून गेलेले, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे प्राध्यापक आणि मराठीतले कवी. फेब्रुवारी २०१० मध्ये रात्री काही माणसं त्यांच्या घरात घुसली, त्यांचं चित्रीकरण केलं, आणि विद्यापीठानं निलंबित केलं ते सिरस यांना. इथेही प्रश्न तोच होता: बंद दाराआडच्या गोष्टीचा मराठी शिकवण्याशी संबंध काय? अलाहाबाद उच्च न्यायालयानं १ एप्रिलला निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते भाड्याच्या खोलीत मृतावस्थेत सापडले. नॉर्टन निकाल तेव्हा चाळीस वर्षांचा झाला होता. कॅमेनींकडे पत्रक होतं, संस्था होती, रस्त्यावर सोबत फिरणारी नऊ माणसं होती. सिरस यांच्यापर्यंत मदतीचे हात पोचले ते घटना घडून गेल्यावर.

नॉर्टन निकालानंतरही आयोग चिवटपणे लढत राहिला. १९७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या केंद्रीय न्यायालयानं सरसकट बंदी बेकायदा ठरवली, आणि ३ जुलै १९७५ ला आयोगानं नियम बदलले: केवळ समलिंगी असण्यावरून कुणाला केंद्राच्या नागरी नोकरीतून काढता येणार नाही. सरकारनं त्या दिवशी आमच्यापुढे शरणागती पत्करली, असं कॅमेनी आपल्या भोंग्यासारख्या आवाजात पुढे आयुष्यभर सांगत. सैन्य, गुप्तचर खाती आणि सुरक्षा परवाने यांना हा बदल लागू नव्हता. परवान्यांचा अडसर १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशानं निघाला. आयझेनहॉवर यांचा आदेश १०४५० औपचारिकपणे कागदावरून गेला तो जानेवारी २०१७ मध्ये. कॅमेनींना जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती.

त्याआधी, जून २००९ मध्ये, वॉशिंग्टनमध्ये एक छोटा समारंभ झाला. नागरी सेवा आयोग केव्हाच बरखास्त झाला होता आणि त्याच्या जागी आलेल्या कार्मिक व्यवस्थापन कार्यालयाचे संचालक होते जॉन बेरी. ते स्वतः उघडपणे गे. १९५७ साली याच कचेरीत त्यांना कारकून म्हणूनही राहू दिलं नसतं. बेरींनी कॅमेनींच्या नावे माफीचं अधिकृत पत्र दिलं. त्यात लिहिलं होतं की आयोगानं १९५७ मध्ये तुमची बडतर्फी केवळ तुमच्या लैंगिक कलावरून कायम केली आणि ती कृती लाजिरवाणी होती. केवळ लैंगिक कलावरून. खरं कारण सरकारी कागदावर उमटायला बावन्न वर्षं लागली होती.

चौऱ्याऐंशी वर्षांचे कॅमेनी खुर्चीतून उठले आणि मोठ्यानं म्हणाले, “माफी मंजूर.”